लग्नाला नव्हतो, याचा पुरावा

फोटोकाकांच्या दुकानातून कुठलंही कुटुंब अर्धं बाहेर पडलं नाही. दुकानात यायचं ते मात्र बहुतेक वेळा अर्धंच. कुणाचा मुलगा जहाजावर असायचा, कुणाचा नवरा पोर जन्मायच्या आधीच गेलेला असायचा, तर कुठे दोन भावांचं बोलणं बंद असल्यामुळे ते एका पडद्यासमोर उभे राहायला तयार नसायचे. काका सगळ्यांना एकच सांगायचे, "आहात तेवढे बसा. उरलेल्यांचा एखादा बरा फोटो आणून द्या." आणि आठवड्याभरात सगळे एकत्र. जहाजावरचा मुलगा आईच्या खुर्चीमागे, गेलेला नवरा बायकोच्या शेजारी, भांडलेले भाऊ खांद्याला खांदा लावून. एका म्हाताऱ्याने तर आपल्या लग्नाच्या फोटोतून मेव्हण्याला काढून त्या जागी जुनी सायकल उभी करून घेतली होती. काकांनी हूं की चूं न करता ती उभी केली, आणि तिची सावलीही योग्य बाजूला पाडली.

याला काका लबाडी म्हणत नसत. त्यांचं एकही गिऱ्हाईक म्हणत नसे. फोटोतला अमुक माणूस त्या दिवशी तिथे नव्हता, हे घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक असायचं. तो असायला हवा होता, एवढंच त्या फोटोचं म्हणणं. गल्लीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. एका परक्या देशातल्या टेबलामागे बसलेल्या माणसाला मात्र ते समजावून सांगण्यात काकांच्या नाकी नऊ आले, आणि त्याची ही हकीकत.

काकांना एकच लेक. हुशार, हट्टी, आईसारखी फटकळ. शिकायला म्हणून परदेशी गेली, तिथेच नोकरीला लागली आणि तिथेच लग्न ठरवलं. मुलगा चांगला होता. पण तिच्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली होती, म्हणून लग्न घाईघाईने सरकारी कचेरीत उरकावं लागलं. तेव्हा काका-काकींकडे साधा पासपोर्टही नव्हता. लेकीने मागाहून एक फोटो पाठवला. काकींनी तो बघितला आणि दोन दिवस त्या घरात कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ठेवणीतले कपडे घालून थेट दुकानात येऊन उभ्या राहिल्या.

"मला तिच्या शेजारी उभी करा," म्हणाल्या. "आणि तुम्हीही या. एकटी बरी नाही दिसायची मी."

तिकडचा उजेड ढगाळ होता. इकडे त्या दिवसांत आभाळ अगदी निरभ्र. काका ढग येईपर्यंत थांबले, आणि मग दुकानामागच्या चौकात दोघांचा फोटो काढला. काकींचा हात हवेत धरायला लावला, लेकीच्या खांद्याच्या उंचीवर. तो फोटो जुळवायला त्यांनी जेवढा जीव ओतला तेवढा कधी कुणासाठी ओतला नसेल. झाला तोही तसाच. कचेरीच्या पायऱ्या, वरची पाटी, हसणारी लेक, बावरलेला जावई, खांद्यावर हात ठेवलेली आई आणि कोटाची बटणं लावून ताठ उभा बाप.

फोटो बाहेरच्या खोलीत लागला. येणारा-जाणारा विचारायचा, "अरे वा, जाऊन आलात वाटतं?" काकी बेधडक सांगायच्या, "मग! लेकीचं लग्न म्हणजे काय!" कशी बोचरी थंडी होती, पायऱ्या कशा निसरड्या झाल्या होत्या, सह्या करताना जावयाचा हात कसा थरथरत होता. काका नुसते हसायचे. पुढे काकी वारल्या, आणि त्यानंतर कुणी विचारलं की काका स्वतःच थंडीबद्दल सांगू लागत. एकदा त्यांची मेव्हणी, म्हणजे काकींची धाकटी बहीण, शेजारीच बसली होती.

"भाऊजी, मला तरी नका हो सांगू," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही दोघं माझ्याकडे जेवायला होतात. ताई रडत होती आणि तुम्ही दोनदा वाढून घेतलंत."

काका ओशाळले. पण खोटं सांगत होते असंही नाही. इतक्या वर्षांत ती थंडी त्यांना खरोखरच आठवायला लागली होती.

मग लेकीला कॅन्सर झाला. औषधं सुरुवातीला लागू पडली, नंतर पडेनाशी झाली. जावयाने एके सकाळी फोन करून सांगितलं, "बाबा, आता वर्ष वगैरे म्हणत नाहीत इथले डॉक्टर. महिनेच म्हणतात. ती तुमची वाट बघतेय."

काकांनी जन्मात पहिल्यांदा पासपोर्ट काढला. व्हिसाचा अर्ज भरून देणारा एक दलाल कचेरीबाहेर बसायचा, त्याच्याकडून अर्ज भरून घेतला. हॉस्पिटलचं पत्र, जावयाचं पत्र, लेकीच्या जन्माचा दाखला, सगळं लावलं. दलाल म्हणाला, "एकत्र फोटो आहे का काही? लेकीसोबत तुमचा? नात्याला वजन येतं." एकत्र फोटो म्हटल्यावर काकांच्या डोळ्यांसमोर दुसरं काय येणार? घरी जाऊन भिंतीवरून फ्रेम उतरवली, काच पुसली आणि त्याची उत्तम प्रत काढून दिली. अर्जात एक प्रश्न होता: यापूर्वी या देशात कधी आला होता का? काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "नाही." दलालाने "नाही" लिहिलं. ते "नाही" आणि तो फोटो एकाच पाकिटातून गेले, आणि त्या दोघांचं आपसात भांडण होईल हे काकांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

नकार आला. नकाराचं पत्र काका घेऊन गेले ते वकीलबाईंकडे. बाई तरुण होत्या. बाजारातल्या एका जिन्याखाली त्यांची इवलीशी खोली होती, त्यात दोन खुर्च्या आणि कागदांच्या थप्प्या. त्यांनी पत्र वाचलं आणि मग काकांकडे जरा निरखून बघितलं.

"काका, खरं सांगा. तुम्ही आधी तिथे गेला होतात का?"

"नाही हो, बाई."

"मग हे काय म्हणतात? अर्जदाराने पूर्वी कधीच न आल्याचं लिहिलं आहे. पण त्यानेच जोडलेल्या फोटोत तो इथल्या विवाह कचेरीच्या पायऱ्यांवर उभा दिसतो. वरची पाटी वाचता येते. म्हणजे आधीचा प्रवास दडवला. म्हणजे फसवणूक."

काकांच्या डोक्यात प्रकाश पडायला क्षणभर गेला. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, पहिल्यांदा त्यांना बरंच वाटलं. एवढा मोठा अधिकारी, एवढी त्यांची यंत्रं, आणि जोड कुणाला दिसला नाही! दुसऱ्या क्षणी तोंडचं पाणी पळालं.

"तो फोटो मी केलाय, बाई. आम्ही नव्हतो तिथे. हिला उभं राहायचं होतं लेकीजवळ, म्हणून..."

वकीलबाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. मग नीट समजावून सांगितलं. या नकारावर फेरतपासणी मागता येते. दुसरा अधिकारी तीच फाइल पुन्हा बघतो. एरवी नवा कागद घेत नाहीत, पहिल्याने चूक कुठे केली तेवढंच दाखवायचं. पण तुमच्यावर खोटेपणाचा आरोप आहे, तेव्हा त्याला उत्तर देण्यापुरता पुरावा चालतो.

"कसला पुरावा?"

"तुम्ही लेकीच्या लग्नाला नव्हतात, याचा."

बायकोच्या समाधानासाठी ज्या गोष्टीवर इतकी वर्षं पांघरूण घातलं, ती आता चव्हाट्यावर मांडून वर शिक्का मारून घ्यायची होती.

"आणि यात एक धोका आहे," बाई म्हणाल्या. "फोटो खोटा म्हटलं, तर खोटा फोटो का दिला असंही ते विचारू शकतात."

"पण खरं तेच सांगायचं ना?"

"दुसरं काही सांगायची सोयच नाही, काका. खरंच सांगू या. का केला, कुणासाठी केला, सगळं लिहू. माणूस असेल तर समजेल."

दुसऱ्या दिवसापासून काका भिंग घेऊन आपल्याच फोटोवर तुटून पडले. कुठेतरी जोड उघडा पडला असेल, सावली चुकली असेल, कडेला पांढरी रेघ राहिली असेल. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर त्यांनी पहिल्या नजरेत दहा चुका काढल्या असत्या. इथे एक सापडेना. ढगाळ उजेड तंतोतंत जुळला होता. काकींची बोटं लेकीच्या खांद्यावर अशी टेकली होती की कापडाला चुणी पडलेली दिसत होती. ती चुणी काकांनीच घातली होती. स्वतःच्या हातांना त्यांनी त्या दिवशी मनसोक्त शिव्या घातल्या.

मग पासपोर्ट कचेरीत खेटे सुरू झाले. तेव्हा माझ्याकडे पासपोर्टच नव्हता, असं लिहून द्या, एवढीच मागणी. खिडकीतला कारकून वाईट नव्हता, पण त्याने हात वर केले. "काका, आमच्याकडे जे आहे त्याचा दाखला देतो आम्ही. जे नव्हतंच त्याचा कसा देऊ?" शेवटी साहेबाने एका ओळीचं पत्र दिलं: सध्याच्या पासपोर्टपूर्वीची नोंद आढळत नाही. वकीलबाई म्हणाल्या, आढळत नाही म्हणजे नव्हती असं ते मानतीलच असं नाही, पण लावू.

मेव्हणीचं प्रतिज्ञापत्र झालं. ती नोटरीसमोर अशा थाटात बसली की जणू तिचीच मुलाखत आहे. "लिहा, दोनदा वाढून घेतलं," ती नोटरीला म्हणाली. नोटरीने ते लिहायचं नाकारलं, तेव्हा ती चिडली. "अहो, तेच तर खरं आहे! नुसतं 'जेवायला होते' म्हटलं तर कोण विश्वास ठेवील?" काका कितीतरी दिवसांनी हसले. बाहेर पडल्यावर मेव्हणीनेच डोळ्याला पदर लावला.

खरा पुरावा एकच होता, मूळ फोटो. काकांकडचा कधीच हरवला होता. लेकीकडे जुन्या कॉम्प्युटरात कुठेतरी असणार. तिला सांगायचं जिवावर आलं होतं, पण सांगितलं. ती अंथरुणावरून जावयाला सांगत राहिली, हे उघड, ते बघ. सापडल्यावर तिनेच पाठवला.

काकांनी तो दुकानातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर उघडला. त्यांच्या मनात होतं की लेकीच्या बाजूची जागा मोकळी होती. जागा मोकळी नव्हती. तिथे एक वयस्क जोडपं उभं होतं, जाड कोट घातलेलं. बाईचा हात लेकीच्या खांद्यावर होता. कापडाला चुणी पडली होती, खरीखुरी. काकांनी त्या दोघांना पुसलं होतं, आणि पुसलं हेही विसरून गेले होते.

"हे कोण गं?" त्यांनी फोनवर विचारलं.

"घरमालकीण आणि तिचा नवरा," लेक म्हणाली. आवाज बारीक झाला होता तिचा. "साक्षीदार म्हणून सह्या त्यांनीच केल्या ना. तुम्ही त्यांना काढून टाकलंत तेव्हा मी आईला काही बोलले नाही."

"राग आला होता?"

"तेव्हा आला होता थोडा. ते घरमालक काका वारले मागच्या वर्षी. त्या मावशी अजून येतात. माझे केस गेले तेव्हा टोपी विणून आणली त्यांनी."

ज्या बाईने परक्या गावात त्यांच्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवला, तिलाच काकांनी पुसून टाकलं होतं. "माझा नमस्कार सांग त्यांना," एवढंच ते म्हणाले. फोन ठेवल्यावर दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून राहिले. आपण आयुष्यभर किती जणांना असं पुसलं असेल, हा विचार त्यांना पहिल्यांदाच आला आणि तो काही केल्या पाठ सोडीना.

उत्तर लिहिताना पहिलं वाक्य वकीलबाईंनी सांगितलं आणि काकांनी आपल्या हाताने लिहिलं: मी माझ्या मुलीच्या लग्नाला हजर नव्हतो. त्याखाली सगळं आलं. काकींचा हट्ट, चौकातला ढगाळ दिवस, धंद्याची रीत, पुसलेलं जोडपं. दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावले. शेवटी काकांनी बाईंना न विचारता एक ओळ घातली, मला माझ्या मुलीला एकदा बघायचं आहे. बाईंनी ती राहू दिली.

नंतर वाट बघणं. फेरतपासणीत कुणी बोलावत नाही, काही विचारत नाही, तोंड दाखवायची सोय नाही. फाइल इथून जाते आणि कुठल्यातरी खोलीत कुणीतरी ती उघडतं. काका रोज दुकान उघडायचे, पासपोर्टचे फोटो काढायचे, "हनुवटी वर, हसू नका" म्हणायचे. जोडकामाला कुणी आलं तर, सध्या वेळ नाही म्हणून परत पाठवायचे. लेकीशी रोज बोलणं व्हायचं. सुरुवातीला ती विचारायची, "आलं का उत्तर?" मग विचारेनाशी झाली, नुसतं म्हणायची, "तुम्ही आलात की बघू." जेवण जात नव्हतं. डॉक्टरांनी एकदा आता दिवस मोजा म्हणून सांगितलं, आणि ती त्या मोजणीच्याही पलीकडे गेली. जावई म्हणाला, "कशावर तग धरून आहे, त्यांनाही कळत नाही." काकांना कळत होतं. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते इकडे काकांना आणि तिकडे तिला, दोघांनाही पुरतं कळलं होतं.

उत्तर आलं तेव्हा मेव्हणीही बरोबर होती. जिन्याखालच्या खोलीत तिसरी खुर्ची नव्हती, म्हणून काका उभेच राहिले. वकीलबाई वाचू लागल्या.

"अर्जदाराने पूर्वी या देशात प्रवास केला नव्हता, हे त्याचं म्हणणं मान्य करण्यात येत आहे. पहिल्या निर्णयातला तो निष्कर्ष चुकीचा होता."

"देवा!" मेव्हणी म्हणाली. काकांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "पुढे आहे." त्यांचा आवाज एकदम सपाट झाला. "मात्र अर्जदाराने स्वतःच कबूल केल्याप्रमाणे, सादर केलेला फोटो बनावट आहे. तो नात्याचा पुरावा म्हणून दिला गेला. बनावट पुरावा देणं ही फसवणूक ठरते. सबब नकार कायम. पुढची दहा वर्षं अर्ज विचारात घेतला जाणार नाही."

"पण नातं तर खरं आहे," काका म्हणाले.

"नातं खोटं आहे असं त्यांनी कुठेच म्हटलेलं नाही."

"मग?"

वकीलबाईंनी पत्र खाली ठेवलं. "मग काही नाही, काका." त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. कोर्टात जाता येतं म्हणाल्या, तिकडच्या. किती दिवस लागतील ते काकांनी विचारलंच नाही.

वाटेत मेव्हणी त्यांच्या शेजारून भराभर चालत होती. "तिला सांगू नका हं, भाऊजी. झालं म्हणा काम. येतो म्हणा. तिकीट बघतोय म्हणा. कोण तपासायला येणार आहे?"

"येतो" म्हणणं काकांना काय कठीण होतं? सगळा जन्म त्यांनी तेच काम केलं होतं, नसलेल्याला आहे म्हणून दाखवण्याचं. घरी पोचेपर्यंत त्यांनी वाक्यसुद्धा जुळवलं होतं.

फोन जावयाने उचलला आणि तिच्या कानाशी धरला. तिचा श्वास ऐकू येत होता.

"बाबा, आलं उत्तर?"

"आलं." काका म्हणाले. "मी तुझ्या लग्नाला नव्हतो, हे त्यांनी मान्य केलं."

"मग कधी येताय?"

जुळवलेलं वाक्य ओठांवर होतं. मेव्हणी समोर हात जोडून उभी होती. काकांनी तोंड उघडलं, आणि त्यांना वाटलं, आता हिलाही खोटं सांगितलं तर आपल्याकडे उरलं काय?

"नाही येता येत मला, बाळा," ते म्हणाले. "नाहीच म्हणाले ते."

मग ती म्हणाली, "म्हणजे आता वाट बघायची नाही?"

"नाही."

"बरं झालं सांगितलंत," लेक म्हणाली. "फार दमले होते, बाबा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.